दारूचे खाडे

माझी पहिली नोकरी लोकांना "या आठवड्यात किती दिवस घेतली?" असं विचारण्याची होती. घेतली म्हणजे दारू. मॅट्रिक होऊन मी मेडशीला मावशीकडे राहत होते आणि तिथल्या डॉक्टरांना कार्डं भरायला चांगल्या अक्षराची मुलगी हवी होती. अक्षर माझं चांगलंच होतं. डोकंही तसंच आहे असा तेव्हा माझा समज होता.

डॉक्टर तरुण होते, नागपूरकडून आलेले, आणि हट्टी. त्यांना एका गोळीचा प्रयोग करून पाहायचा होता. ती पोटात असताना दारू घेतली की तोंड लालभडक होतं, छाती धडधडते आणि उलट्या करून माणूस आडवा होतो. मोठ्या शहरांत ती देत असत. पण आपल्याकडचा माणूस, दिवसभर उन्हात राबणारा आणि मोहाची पिणारा, घरी नेऊन ती रोज घेईल का आणि घेतली तर टिकेल का, हे कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यासाठी पैसे मिळावेत म्हणून त्यांनी जागोजाग पत्रं लिहिली. देवीच्या लशीला पैसे होते, नसबंदीला तर विचारूच नका, पण दारुड्यांचं नाव काढलं की उत्तरच येत नसे. शेवटी अकोल्याच्या एक बाई तयार झाल्या. त्यांचा धाकटा भाऊ दारूपायी गेला होता. तीन महिन्यांच्या गोळ्यांचा आणि माझ्या पगाराचा खर्च त्या देणार, मग स्वतः येऊन कार्डं पाहणार आणि पुढचं तेव्हा ठरवणार, असं ठरलं.

वीस माणसं जमवताना आमच्या नाकी नऊ आले. गोळी म्हटलं की लोकांना नसबंदी आठवायची. विसावा माणूस मी गावाहून आणला, तो माझा बाप.

बाबांबद्दल वाईट सांगणं मला आजही जमत नाही. पिऊन ते मारझोड करत नसत, दानशूर होत. आईचं नवंकोरं पातेलं त्यांनी एकदा रस्त्यात भेटलेल्या वऱ्हाडाला आहेर म्हणून देऊन टाकलं होतं. विहारात पंचशील म्हणताना चार शीलं खणखणीत म्हणायचे आणि दारू वर्ज्य करणाऱ्या पाचव्याला खोकला काढायचे. आई हसून हसून थकली, मग रडून थकली, आणि वर्षभरापूर्वी जऊळक्याला मामाकडे निघून गेली. बाबा प्रयोगात आले हे सांगायला मी गेले तेव्हा ती म्हणाली, "कार्ड तूच लिवतं ना? मंग त्याच्यावर दिसू दे. तोंडाचं आयकून आयकून कान किटले माये."

दर रविवारी, बाजाराच्या दिवशी, दवाखान्याच्या ओट्यावर मी टेबल टाकून बसायची. प्रत्येकाच्या कार्डावर महिन्याचे तीस चौकोन. ज्या दिवशी दारू घेतली त्या दिवशी बरोबरची खूण, नाही घेतली तर चौकोन कोरा. मग सात गोळ्यांची पुडी द्यायची. पहिल्याच रविवारी मी सगळ्यांना दरडावून सांगितलं, "दर रविवारी यायचं. खाडा पडला तर नाव कमी होईल." हे मी दुष्काळी कामावर शिकले होते. दोनच वर्षांपूर्वी आम्ही सगळे खडी फोडायला जात होतो. तिथे मुकादम हजेरी घ्यायचा, आला त्याच्या नावापुढे खूण करायचा, नाही आला तर खाडा. खाडे वाढले की नाव कमी.

बाबाही रांगेत उभे राहत. टेबलाशी आले की मला "बाई" म्हणत, "तुमी" म्हणत. मला हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा. पण मी "किती दिवस?" विचारलं की ते खाली बघून म्हणायचे, "समदेच दिवस, बाई." पहिल्या आठवड्यात सात खुणा, दुसऱ्या आठवड्यात सात. एकटे बाबाच नव्हेत, विसांपैकी बहुतेकांची कार्डं अशीच गच्च भरत चालली. डॉक्टर कार्डं चाळत आणि म्हणत, "रोज पितात, तर मग एकही आजारी कसा पडत नाही? गोळ्या बाभळीत फेकतात हे लोक."

जऊळक्याला गेले की आई फक्त मान वर करून बघायची. मी म्हणायची, समदेच दिवस. ती पुन्हा भाकरी थापायला लागायची. तिसऱ्या महिन्यात माझा पारा चढला. टेबलावरून उठून बाबा मावशीकडे चहाला यायचे, तर मी मावशीला सांगितलं, चहा टाकू नकोस. ते दारातूनच पाणी पिऊन एसटीला गेले. मी बघत राहिले आणि त्यांना थांबवलं नाही.

त्याच्या पुढच्याच रविवारी अकोल्याच्या बाई आल्या. पांढरं लुगडं, कानात काही नाही. माझ्या शेजारी खुर्चीवर बसून त्या एकेक कार्ड पाहत होत्या. डॉक्टरांचा चेहरा पडलेला होता. तेवढ्यात बाबांचा नंबर आला. ते टेबलाला धरून माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई, कबूल करतो. माये खाडे पडून राह्यले."

"कसले खाडे? तुम्ही तर दर रविवारी येता," मी म्हणाले.

"दारूचे," बाबा म्हणाले. "पयल्या हप्त्यात एकडाव घेतली तं जीव जाता जाता राह्यला. तवापासून नाई. समदे खाडेच हायेत. पन नाव कमी नका करू. गोळीवरच तग धरून राह्यलो."

मी त्यांचं गच्च भरलेलं कार्ड पुढे सरकवलं. "मग दर वेळी सगळे दिवस घेतली असं काहून सांगितलं?"

"खाडा पडला तं नाव जाते, तुमीच तं सांगतलं."

रांगेत कुजबुज सुरू झाली. मागचा एक म्हणाला, "माये बी हायेत खाडे, भीतीनं सांगत नोतो." आणखी तिघांचे निघाले, मग आणखी. एक म्हातारा मात्र म्हणाला, "म्या खरंच रोज घेतो. गोळी बकरीले देतो." बकरी कशी आहे, हे डॉक्टरांनी आधी विचारलं.

मग ते बाईंकडे वळले. नोंदीची पद्धत मीच नीट समजावली नाही, ही तीन महिन्यांची कार्डं आता निरुपयोगी आहेत, कोणी किती घेतली ते यांच्या आठवणीवरून मी लिहिणार नाही, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. चूक माझी होती आणि ती त्यांनी अंगावर घेतली, यासाठी मी त्यांना जन्मभर मानलं.

बाईंनी बाबांना विचारलं, "मी नाही म्हटलं, गोळी बंद झाली, तर काय कराल?"

"सांगता नाई येत," बाबा म्हणाले. "खोटं कायले बोलू?"

बाईंनी कार्डं गोळा करून डॉक्टरांच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "नवी कार्डं करा, डॉक्टर. आणखी तीन महिने देते. आणि पोरी, न घेतलेल्या दिवसाची हजेरी लाव."

रांग पांगल्यावर मी बाबांना हाताला धरून मावशीकडे नेलं आणि चहा स्वतः टाकला. माफी मागायचं धाडस झालं नाही, म्हणून साखर जास्त घातली. त्यांनी दोन कप घेतले.

दुसऱ्या दिवशी मी जऊळक्याला गेले. आई अंगणात तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं आणि शेवटी हेही सांगितलं की दाखवायला कार्ड नाही, डॉक्टरांनी जुनी सगळी रद्द केली. आता बाबांच्या शब्दाशिवाय माझ्याकडे काही नाही.

तिचं सूप थांबलं.

"पंदरा वर्सं पिऊन येये अन् 'नाई घेतली' म्हने," ती म्हणाली. "तो 'घेतली' म्हनून राह्यला, तवाच मले समजाले पायजे होतं."

मग तिनं मला तूर डब्यात भरायला सांगितली आणि लुगडं बदलायला आत गेली.