चाकामागची नाल

देवगाव फाट्यावरच्या घरून अक्काला घेऊन निघालो तेव्हा गाडी ठीक होती. चारठाणा मागं पडलं आणि पुढच्या वळणावर खालून घर्रर्र असा आवाज आला, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा. सरळ रस्त्याला तो बारीक झाला, पण गेला नाही.

अक्का माझी थोरली बहीण. नर्सिंग शिकलेली, लग्नाआधीपासून दवाखान्यांत राबलेली, पण कायम कुठेच नाही. परभणीत एका खाजगी संस्थेच्या दवाखान्यात कायम जागेसाठी तिची मुलाखत होती. अकरा वाजता नावं पुकारणार होते. आधी दोनदा ती अशीच जाऊन रिकामी परत आली होती, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची वेळ होती.

"चालू दे," ती म्हणाली. "थांबू नको. टायम व्हायलाय."

मी दोन्ही काचा खाली केल्या आणि चालता चालताच तपास सुरू केला. गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिन मंदावलं, आवाज तसाच. म्हणजे इंजिन नाही, गिअर नाही. ब्रेक दाबून पाहिला. पॅड झिजले असते तर ब्रेक लागताच आवाजाची जात बदलली असती. हा नुसता गाडीबरोबर मंदावला. बेअरिंग गेलं की घुमतं, हे खरवडत होतं. मग एका पुलावर गाडी कठड्याला लागून नेली. भिंतीवर आपटून आवाज डाव्या काचेतून परत आला, अगदी अक्काच्या पायाखालून. डावीकडे वळलं की तो वाढायचा.

"डाव्या चाकात काहीतरी अडकलंय."

"खडा असंल. पडंल आपोआप."

"ब्रेकजवळ आहे, अक्का. बघावं लागंल."

"परभणीत बघ की. तिथं मिस्त्री मेलेत का सगळे?"

ती बाहेर बघत होती. मला वाटलं, मुलाखतीची धास्ती घेतलीय.

जिंतूरच्या अलीकडे एका सोयाबीनच्या शेताशी मी गाडी थांबवली. स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं की डाव्या चाकामागची फट उघडते. चिखलात आडवा झालो आणि आत पाहिलं.

आत घोड्याची झिजलेली नाल होती. नालेला काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा. आणि हे सगळं चाकामागच्या दांड्याला बांधलं होतं ते दवाखान्यातल्या पांढऱ्या बँडेजच्या पट्टीनं. गाठ मी ओळखली, अक्काच्या हातची. लहानपणी माझ्या फुटलेल्या गुडघ्यांवर ती कितीदा बसली होती. पट्टी ओली होऊन सैल पडलेली, त्यामुळे नाल सरकून रिंगवर खरवडत होती. तिचं दुसरं टोक ब्रेकच्या रबरी नळीला टेकलं होतं आणि नळीवर ओरखडा उठला होता. नळी अजून फुटली नव्हती. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेलं लोखंड आमचा ब्रेक कापायला निघालं होतं.

मला शिसारी आली. चिखलाची नव्हे, त्या गाठीची.

आमचे वडील शिक्षक. बाजाराच्या दिवशी ते आम्हा दोघांना जिंतूरला पत्रकं वाटायला उभं करायचे. नजर, करणी, भानामती, सगळं थोतांड, असं त्यावर ठळक छापलेलं असे. मी नुसती हातात कोंबायचो. अक्का ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायची, आणि कोणी अंगारा काढून दाखवला तर त्याच्याशी भांडायची.

मी पट्टी कापून नाल ओढून काढली, नळी बोटांनी चाचपली आणि उभा राहिलो.

"कवा बांधलंस?"

"सकाळी. तू अंघोळीला गेलास तवा."

"चाकाजवळ?"

"मग कुठं बांधू? समोरचं लिंबू-मिरची तू तोडून टाकतोस. मागं बांधलं तर मागचं तोडतोस. म्हणून आत बांधलं, तुला दिसू नये म्हणून."

"तू लोकांना सलाईन लावतीस, अक्का."

"लावते की. त्यात काय झालं?"

"ब्रेक गेला असता!"

तिनं खाली उतरून वाकून नळी बघितली. मग म्हणाली, "दोनदा गेले. दोन्ही वेळा मार्क माझे जास्ती. पहिल्या वेळी कुणाची भाची लागली, दुसऱ्या वेळी कुणाची सून. ज्याला मामा हाय त्याला नाल लागत न्हाई, बाबा. मला मामा न्हाई."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. वडिलांच्या एका पत्रकात ते जसंच्या तसं छापलेलं होतं. ते सोडून मी नाल उचलून सोयाबीनमध्ये भिरकावली.

अक्कानं चपला काढल्या, कडक इस्त्रीची साडी पोटरीपर्यंत वर धरली आणि बांधावरून शेतात उतरली.

"अक्का, उशीर व्हायलाय."

"मग तू जा."

मी हॉर्न वाजवला. तिनं मान वर केली नाही. ओल्या पानांत वाकून ती एकेक ओळ चाचपत होती, आणि तिची शेवटची मुलाखत तिकडे परभणीत जवळ येत होती. शेवटी मीही उतरलो. जी मीच भिरकावली होती ती गुडघ्यावर बसून शोधली, आणि सापडली ती मलाच. तिनं ती पदराला पुसली आणि सर्टिफिकिटांच्या पिशवीत तळाशी घातली. परभणीपर्यंत गाडी बिनआवाज पळत होती.

दवाखान्याच्या आवारात शिरलो तेव्हा नावं पुकारायला सुरुवात झाली होती. साडीवरचा चिखल तसाच घेऊन ती आत पळाली. मी बाहेर थांबलो. संस्थेच्या लोकांच्या गाड्या सावलीत लावल्या होत्या, एकजात पांढऱ्या, आणि प्रत्येकीच्या पुढं ताजं लिंबू-मिरची. ज्यांच्या हातात माझ्या बहिणीची नोकरी होती त्यांनाही कुणाची तरी भीती होती. थुंकावंसं वाटलं. भिंतीवर 'थुंकू नये' लिहिलं होतं, आणि त्याच्याखाली पानाचे लाल ओघळ वाळले होते.

अक्का फार लवकर बाहेर आली.

"काय विचारलं?"

"माहेर कुठलं विचारलं."

"आणि?"

"म्हणले, तिकडं आमच्यातलं कोणाला ओळखता का?"

"कामाचं काय विचारलं?"

"न्हाई. सर्टिफिकिटं बांधलेलीच राहिली."

"मग तू काय म्हणालीस?"

तिनं नळावर हात धुतले, तोंडावर पाणी मारलं.

"म्हणलं, साहेब, मी सुई टोचायला येणार हाय, सोयरीक जुळवायला न्हाई."

"मग?"

"मग त्यांनी दुसरीचं नाव पुकारलं," ती म्हणाली, आणि ओल्या हातानंच गाडीचं दार उघडून आत बसली.