टापूवरचा पंचनामा

"कुणी हात लावू नका. आधी पंचनामा." कोंबडी मेली तरी अक्का हेच म्हणायच्या, आणि पदर खोचून तिच्याभोवती चुन्याची रेघ ओढायच्या.

तुम्ही हसाल. हसा. पण अंबरपेठेच्या आमच्या टोकाला एकीकडे मुसी नदी, दुसरीकडे नाला, मध्ये मूठभर घरं आणि यायला-जायला एकच पूल. सगळे आम्हाला टापूवाले म्हणतात. इथं माणसांपेक्षा जनावरं जास्त, आणि शहाणी असलीच तर तीच. कोंबडीसाठी पोलीस थोडेच येणार? नांदेडकडच्या अक्कांची सगळी नोकरी कोर्टात कारकुनीत गेली. रिटायर झाल्यावर त्या टापूच्या न्यायाधीश होऊन बसल्या. रोज सकाळी अंगणात जोंधळे टाकायच्या. वरचे चाळून स्वतःला, पोत्याच्या तळचे पाखरांना. सगळ्यांच्या कोंबड्या, बदकं तिथंच पंगतीला.

त्या वर्षी मरणच लागलं. आधी कोंबड्या, मग बदकं, मग ती खाणारी मांजरं, कुत्री. अक्कांचा चुना संपत आला. "विषप्रयोग आहे," त्या म्हणाल्या.

संशय गेला पुण्याहून आलेल्या भाडेकरू पोरावर. हा रात्रपाळी कम्प्युटरवर करायचा, आणि समोरचा कोंबडा आरवला की खिडकीतून ओरडायचा, "ह्याला कुणीतरी गप्प करा हो!" कोंबडा गप्प झाला. झालं, आरोपी मिळाला.

"कबूल करेपर्यंत ह्याच्याशी कुणी बोलायचं नाही," अक्कांनी निकाल दिला. दूधवाल्यानं दूध बंद केलं. घरमालकानं खोली सोडायला सांगितली.

"अक्का, मी मुंगीसुद्धा मारत नाही हो," पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला.

"सगळे आरोपी हेच म्हणतात, बेटा."

"अहो, पण पुरावा?" मी विचारलं.

"मिळेल."

मिळाला. त्यांचा पुतण्या गावाहून ज्वारीचं नवं पोतं घेऊन आला, तेव्हा मी विरजण मागायला तिथंच होते. अक्का जुन्या पोत्याच्या तळचे जोंधळे काढत होत्या. त्यांना करडी भुकटी लागलेली.

"आत्या, ते टाकून द्या," पुतण्या म्हणाला. "कीड लागू नये म्हणून पोत्यात टाकतो त्या गोळ्यांची भुकटी आहे ती. जहर आहे."

"राख आहे. आई राख चोळूनच जोंधळे ठेवायची."

"ते आजीच्या वेळी. आता राख कोण लावतं? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

अक्कांनी हातातले जोंधळे परत पोत्यात टाकले. उठल्या, पोराच्या दारात गेल्या आणि सगळ्यांसमोर हात जोडले. "तू सुटलास. आरोपी मी." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "शिक्षा तीच. माझ्याशी कुणी बोलायचं नाही."

आम्ही थोडंच ऐकतोय? मी चहा घेऊन जायची. पोरगा तर रोज त्यांच्या पायरीवर बसून म्हणायचा, "अक्का, सोडा ना आता." त्या आतून कडी लावायच्या, ओ म्हणून द्यायच्या नाहीत. इतका राग यायचा मला! चुकीला माफी असते, हे कोर्टात कुणी शिकवलं नाही का ह्या बाईला? शेवटी आम्हीही थकलो. त्यांचं दार बंद दिसलं की पुढं जायची सवय झाली.

म्हणून त्या आठवड्यात दार उघडलं नाही, तरी कुणाला काही वाटलं नाही. पुण्याच्या पोरानंच ते फोडलं. डॉक्टर म्हणाले, जाऊन दोन दिवस तरी झाले असावेत. भिंतीला भिंत लागून माझं घर, आणि मला पत्ता नाही.