हौद्यातली रेती

माझा दोस्त मधुकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदुऱ्याच्या स्टेशनवर होतो. बाहेर येऊन त्याची जुनी पिकअप उभी असायची ती जागा उगाचच पाहिली... रिकामी होती.

ती गाडी म्हणजे वडनेर भोलजीत चेष्टेचा विषय. घरच्यांनी दोन रांगांच्या ऐसपैस केबिनची गाडी सुचवली होती. या पठ्ठ्यानं एकाच रांगेची, लांब हौद्याची घेतली. कापसाला जागा पाहिजे, माणसं कुठंही बसतात, असं त्याचं म्हणणं. पॉवर स्टिअरिंग नाही. वळणावर दोन्ही हात आणि तोंड, तिन्ही चालायची. वर मागच्या चाकांना स्प्रिंगचे ज्यादा पाटे टाकून घेतलेले. भरलेली गाडी झोकात जायची, रिकामी मात्र करडासारखी उड्या मारायची.

मग कमलवहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून कापूस नसला की हौद्यात रेतीची पोती दिसू लागली. वहिनी चिडायच्या, डिझेल काय फुकट येतं का म्हणून. तो नुसता हसायचा. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "पाटे काढले तं धंदा बसते, ठेवले तं तिची कंबर. वजनानं गाडी दबून राहते. पण तिले सांगू नको बे. मी ओझं झाली म्हनून गाडीत बसाचीच नाही."

मी सांगितलं नाही.

तेरवी झाल्यावर मुलानं गाडी विकायला काढली. देऊळघाटचं गिऱ्हाईक येणार म्हणून आम्ही पोती उतरवून हौदा धुतला. वहिनी म्हणाल्या, एकदा वावरापर्यंत फिरवून आणा. मी चालवायला बसलो. पहिल्याच खड्ड्यात त्यांनी कंबर धरली.

"त्यायच्या हाती असी आपटत नव्हती. काऊन, बिघडली का?"

आता लपवणार कुणासाठी... सांगून टाकलं. त्या मागच्या काचेतून रिकाम्या हौद्याकडे बघत राहिल्या. मला मधुकरचा भयंकर राग आला. हे त्यानं स्वतः सांगायला हवं होतं, आणि तेही त्या भांडत होत्या तेव्हाच.

घरी येताच मुलाला म्हणाल्या, "गिऱ्हाइकाले नाही म्हन. अन् पोते चढव वापस."

त्यांना दवाखान्यात न्यायला आता मीच गाडी काढतो. वळणावर माझंही तोंड चालतं. मागच्या खेपेला एक पोतं उसवून रेती सांडत होती. मी ते काढून टाकायला गेलो, तर वहिनी दाभण आणि सुतळी घेऊन आधीच हौद्यापाशी उभ्या होत्या.