नाव काढलं, तरी माणूस ओळखू आला

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. माझी नात डॉक्टरकी शिकते. जिल्ह्यातल्या लेकरांच्या रक्ताच्या आजाराची माहिती तिनं जमवलीय. ती आज इंटरनेटवरच्या एका भांडारात ठेवायची होती. तिथून कुठलाही संशोधक ती फुकट वापरू शकतो, म्हंजे त्याच कामासाठी लेकरांना पुन्हा सुया टोचाव्या लागत न्हाईत.

"आबा, लेकरांची नावं मी काढलीत. गावांची नावं बराबर हैत का, तेवढं बघा."

मी चष्मा लावला. एका ओळीत गाव, वय आणि बापाचा धंदा होता. त्या गावात तो धंदा करणारं घर एकच.

"अगं, ही तर आपल्या ओळखीच्यांची पोर."

"तुम्ही कसं ओळखलं?"

"जसं मी ओळखलं, तसं अख्खा तालुका ओळखंल. उद्या तिच्या सोयरिकीत हे निघालं, मंग?"

मंग तिनं सगळ्या गावांच्या जागी नुसता जिल्हा लिहिला, धंद्याचा रकानाच काढला.

काम चांगलंच हाय, ते व्हायलाच पाहिजे. पण त्या घरानं हा आजार आजवर आम्हाला सांगितला न्हाई, आणि मला तर कळून बसला. त्या पोरीचा बाप भेटला तर तुम्ही विषय काढला असता, का पोटातच ठेवला असता?