म्हणे लंडनहून आलेला सूट

पाटीवर लिहिलं होतं: ‘द केज’ या बँडचे गायक वेडसन कापाम्पा यांचा मंचावरचा पोशाख, १९७४. लंडनहून मागवलेला.

चोम्बाने पाटी दोनदा वाचली. चष्मा कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या टोकाने पुसून तिसऱ्यांदा वाचली. मग हॉलमधल्या सगळ्या लोकांसमोर ती मोठ्याने म्हणाली, “लंडन? कुठलं लंडन? माझ्या आईचं हातमशीन लंडनला होतं होय रे?”

चोम्बा कोण, हे आमच्या चाम्बोली वस्तीत कुणालाही विचारा. बाजारात चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. थोरल्या मुलाच्या नावाने सगळे तिला बाना काबासो म्हणतात, म्हणजे काबासोची आई. अर्ध्या वस्तीचे शाळेचे गणवेश तिच्या हातचे. तोंडाने फटकळ आहे, पण कापडात तिने कुणाला बोटभरसुद्धा फसवलेलं नाही, हे तिच्याशी भांडलेल्या बायाही कबूल करतील. अशा बाईसमोर तिचीच शिवण काचेच्या कपाटात ठेवायची आणि वर लंडन लिहायचं! संताप येणार नाही तर काय होणार?

खाणीचा जुना वेल्फेअर हॉल रंगवून तिथे हे प्रदर्शन भरवलं होतं. आमच्या तांब्याच्या खाणींच्या गावांतल्या रॉक बँडांच्या गिटारी, फोटो, तिकिटं, असं सगळं. व्यवस्था मिस सिलुम्बू नावाच्या तरुण अधिकारी बाईंकडे, आणि माहितीचा सगळा मक्ता गॉडविन चिपोयाकडे. हा चिपोया पूर्वी रेडिओवर निवेदक होता. आवाज अजून तसाच तुपाळ, आणि त्या आवाजात तो काहीही ठोकून देतो.

“बा मायो, अहो आई,” तो हसत म्हणाला, “ते पार्सल लंडनहून आलं तेव्हा मी तिथे होतो. माझ्या डोळ्यांसमोर फोडलं.”

“तुझ्या डोळ्यांत फूल पडलं होतं तेव्हा. हे बघ, चमचमतंय ते काय आहे? बिअरच्या बाटल्यांचे बिल्ले आहेत, हातोडीने चपटे केलेले. लंडनच्या दुकानात बिल्ले लावून मिळतात का सूट?”

“ते इथे आल्यावर कुणी लावले असतील.”

“कुणी नाही, मी लावले! हा आख्खा सूट मी शिवला, पंधराव्या वर्षी!”

लोक हसले. चिपोयाने हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाला, “मग पुरावा आणा. आम्ही पाटी बदलू. गेल्या आठवड्यात एक जण आला होता, म्हणाला गिटार मीच बनवली.”

इथे चोम्बाचं डोकंच फिरलं. “पुरावा? पुरावा त्या सुटातच आहे! कॉलरच्या आत खूण आहे, आणि ती खूण मी सोडून कुणाला माहीत नाही. शनिवारी येते. कात्री घेऊन येते. पाटी बदलायची तयारी ठेवा.”

आणि तरातरा बाहेर पडली. बाजाराच्या वळणापर्यंत ती मनातल्या मनात चिपोयाला शिव्या घालत होती. वळणावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण काय बोलून बसलो.

* * *

तेराव्या-चौदाव्या वर्षी चोम्बाच्या खोलीच्या भिंतीवर चार लांब केसांचे इंग्रज होते, मासिकातून कापलेले. रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की ती भांडी घासायची थांबायची. एक अक्षर कळत नव्हतं, तरी जीव टाकायची. आई म्हणायची, “त्या केसाळ्यांशी लग्न कर, म्हणजे मक्याची न्शिमा कोण ढवळतंय ते कळेल.”

मग एका शनिवारी तिचा थोरला भाऊ लॅमेक तिला या वेल्फेअर हॉलमधल्या दुपारच्या शोला घेऊन गेला. दुपारी दोन ते सहा, अठराच्या आतल्या पोरांसाठी. बिअर बंद, नुसतं संत्र्याचं सरबत. सहा वाजले की पहारेकरी सगळ्यांना बाहेर हाकलायचा आणि मोठी माणसं आत यायची. आईने सोडलं ते लॅमेकच्या भरवशावर. त्याने दारात तिचा हात घट्ट धरला आणि म्हणाला, “हरवलीस तर मी घरी तोंड दाखवणार नाही.”

त्या दिवशी वाजवत होते ‘द केज’. खाणीत माणसं खाली नेणारा पिंजरा असतो ना, त्यावरून नाव. पहिली गिटार वाजली. कुणीतरी जाड गोणपाट मध्येच टराटरा फाडावं, तसा तो आवाज. आणि वेडसन कापाम्पा गायला लागला, तो चक्क आपल्या बेम्बा भाषेत! पिंजऱ्यात उतरणाऱ्या बापाबद्दल, दारात उभ्या राहणाऱ्या आईबद्दल. चोम्बा रडलीही आणि नाचलीही. घरी आली आणि त्या चारही इंग्रजांना भिंतीवरून खाली उतरवलं.

फक्त एक गोष्ट तिला खटकली. “दादा, गाणं राजाचं आणि पँट मास्तरांची,” ती लॅमेकला म्हणाली. लॅमेकने हे जाऊन वेडसनला सांगितलं. तो खाणीच्या घरांच्या तीन ओळी पलीकडेच राहायचा. दुसऱ्या दिवशी वेडसन स्वतः अंगणात हजर.

“कोण म्हणालं मास्तरांची पँट?”

“मी म्हणाले,” चोम्बा म्हणाली. ओळीतल्या पोरांच्या पँटी उसवून, त्यांत कळ्या घालून ती बेलबॉटम करून द्यायची. हात बसला होता. “शनिवारपर्यंत मी असं शिवून देते की लोक तुझं तोंड बघणारच नाहीत.”

बोलून तर बसली, पण कापड? आईच्या लाल पडद्यातून कळ्या निघाल्या. बाकी कापड कुठून आणायचं? बापाच्या पेटीत खाणीने दिलेली नवी करडी डांगरी होती, घडीसुद्धा न मोडलेली, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध. अशा दोन मिळायच्या. एक अंगावर, एक पेटीत. पेटीतली कोण बघतंय? बाप पाळीला गेला की ती मशीनवर बसायची. डांगरी जांभळी रंगवली, गुडघ्यापासून खाली चिरून कळ्या घातल्या, छातीवर दोनशे बिल्ले शिवले. बोटं रक्ताळली. एकच गोष्ट तिला करता आली नाही. कॉलरच्या आत खाणीने न पुसणाऱ्या शाईने बापाचा नंबर मारला होता, सात-तीन-एक-सहा. तो रंगातही बुडेना. वेळ नव्हता. तिने वर लाल पडद्याचं ठिगळ लावून टाकलं.

कापड वेडसनने आणलं, असं तिने घरी सांगितलं. वेडसनला सांगितलं की बाजारातून आणलं. आणि शनिवारी तो सूट मंचावर आला तेव्हा हॉल नुसता किंचाळत होता. वेडसन उडी मारायचा आणि गिटारी थांबल्या की मधल्या शांततेत बिल्ल्यांची छनछन ऐकू यायची. ती छनछन आपली आहे, हे तिथे फक्त तिला आणि लॅमेकला माहीत होतं. लॅमेक तिच्याकडे बघून वेड्यासारखा हसत होता. वेडसनने खूश होऊन त्याला गिटारच्या नव्या कोऱ्या तारा दिल्या होत्या.

महिनाभराने खाणीत डांगऱ्यांची तपासणी झाली. बापाला दुसरी दाखवता येईना. गोऱ्या साहेबाने सगळ्या पाळीसमोर त्याला विचारलं, “विकलीस का?” एकवीस वर्षं एकही खाडा न केलेला माणूस. तो घरी आला तो सरळ लॅमेकसमोर.

“या नव्या तारा कुठून आल्या?”

“वेडसनने दिल्या.”

“फुकट? कशाबद्दल?”

लॅमेक म्हणाला, “चोम्बाने त्याला सूट शिवून दिला म्हणून.” बाप म्हणाला, “मग तारा तिला मिळतील, तुला कशाला? डांगरी तूच विकलीस.” आणि पट्टा काढला. चोम्बा दाराआड उभी होती. पट्ट्याचे फटके तिने ऐकले. एक शब्द बोलायचा होता. तो तोंडातून निघाला नाही.

दुसऱ्या सकाळी बापाने लॅमेकला लुविंगूच्या बसमध्ये बसवलं, गावी आजोबांकडे. पुढच्या सोमवारी खाणीच्या प्रशिक्षण शाळेत त्याचं नाव लागणार होतं, विद्युत विभागात. ती जागा दुसऱ्याला गेली. सहा वर्षांनी तो परत आला तेव्हा गेटवर उभं राहण्याखेरीज त्याला काम मिळालं नाही, आणि तो आयुष्यभर दुसऱ्यांची गेटं राखत राहिला. बाप छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा लॅमेकने त्याचं सगळं केलं. जाण्याआधी दोन दिवस बापाने त्याला जवळ बोलावून विचारलं, “आता तरी सांग, माझी डांगरी कुणाला विकलीस?”

हे सगळं चोम्बाने ऐकलं. पेज घेऊन ती तिथेच उभी होती. आता आम्ही विचारतो, तेव्हा तरी बोलायचं होतं की नाही? बाप मरत होता! पण नाही बोलली. उद्या बोलू म्हणाली, आणि तो उद्या कधी उजाडलाच नाही.

* * *

लॅमेक आता बासष्टचा, बायको गेल्यापासून चोम्बाच्याच अंगणातल्या खोलीत राहतो. पाटीची गोष्ट कानावर आली तेव्हा तो तिच्याहून जास्त खवळला.

“लंडन म्हणे! मी वेडसनला या अंगणात आणला. तू बोटं चोखत बिल्ले शिवत होतीस. खूण आहे म्हणालीस ना? मग चल.”

“जाऊ दे दादा. एका पाटीसाठी कशाला वाद?”

“जाऊ दे?” लॅमेकने ताट बाजूला सारलं. “अगं, खोटं एकदा लिहिलं गेलं की तेच खरं होऊन बसतं. खोट्यापायी माणसाचं काय होतं ते मला विचार. मी येणार तुझ्याबरोबर.”

चोम्बा चुलीकडे वळली आणि शिजलेली न्शिमा उगीचच ढवळत राहिली.

शनिवारी दोन वाजता दोघं हॉलमध्ये. लॅमेकने त्याचा एकुलता एक कोट घातला होता. बाजारातल्या बाया तमाशा बघायला आल्या होत्या. मिस सिलुम्बूने कपाट उघडलं, हातमोजे घालून सूट टेबलावर ठेवला. जांभळा रंग विटून तपकिरी झाला होता. ठिगळ मात्र जागच्या जागी होतं, तिचे पंधराव्या वर्षीचे वाकडे टाके तसेच.

“हं, काय खूण?” चिपोया म्हणाला.

चोम्बाने कात्री काढली. लॅमेक तिच्या खांद्याशी उभा, मान ताठ. तिचा हात खाली आला.

“माझी चूक झाली असेल,” ती म्हणाली. “खूप वर्षं झाली.”

“झालं!” चिपोया सगळ्यांकडे वळला. “आपल्या लोकांची ही खोड. दुसऱ्याचं दिसलं की माझं. म्हाताऱ्या बाईने असं खोटं बोलावं, शोभतं का?”

“ए तुपाळ!” लॅमेक असा ओरडला की दारावरचा माणूस आत आला. “तोंड सांभाळ! माझी बहीण खोटं बोलत नाही. साठ वर्षांत एकदाही बोललेली नाही. मला चोर म्हण, सगळ्यांनी म्हटलंय, मला सवय आहे. पण तिला खोटी म्हणायचं नाही!”

चोम्बाने भावाकडे बघितलं. मग सूट ओढून घेतला आणि कात्री ठिगळाखाली घातली. टाके कटाकट तुटले. मिस सिलुम्बू “अहो, अहो” म्हणेपर्यंत लाल ठिगळ टेबलावर पडलं होतं.

“वाच दादा,” चोम्बा म्हणाली.

लॅमेक वाकला. खाणीच्या वस्तीतल्या पोराला बापाचा नंबर स्वतःच्या नावाआधी पाठ असतो. दवाखान्यात तोच सांगायचा, शाळेतही तोच. त्याला वाचावं लागलं नाही. त्याने नुसतं बोट ठेवलं.

“सात-तीन-एक-सहा.”

“कुणाचा नंबर हा?” मिस सिलुम्बूने विचारलं. तिला केवढा आनंद झाला होता बिचारीला.

“आमच्या बापाचा,” लॅमेक म्हणाला. मग त्याने टेबलाची कड धरली. चोम्बाकडे तो बघत नव्हता.

चिपोया काहीतरी पुटपुटत खिडकीकडे गेला. त्याच्याकडे कुणी लक्षच दिलं नाही. मिस सिलुम्बूने पेन काढलं. “सांगा बाना काबासो, नवीन पाटीवर काय लिहू? शिवण: जस्टिना चोम्बा?”

“लिहा,” चोम्बा म्हणाली. “आणि खाली लिहा: कापड बापाच्या पेटीतून तिनेच चोरलं. भाऊ लॅमेकने नाही.”

“असं कसं लिहिता येईल? हे घरगुती...”

“का नाही लिहिता येणार?” चोम्बा कडाडली. “लंडन लिहिता आलं तुम्हाला! कुणी डोळ्यांनी न बघितलेलं पार्सल लिहिता आलं! आणि जे खरं आहे ते लिहायला पेन अडतं? एक अक्षर कमी केलंत तर हा सूट मी इथेच उसवीन. माझा आहे, मला उसवता येतो!”

मिस सिलुम्बूने लिहिलं. तात्पुरतं, पुठ्ठ्यावर, मोठ्या अक्षरांत, आणि सुटासमोर उभं केलं.

“तू वाच,” लॅमेक म्हणाला.

चोम्बाने वाचलं. हळू, पुठ्ठ्याकडेच बघत.

“मोठ्याने. मागच्यांना ऐकू आलं नाही.”

तिने मोठ्याने वाचलं.

“पुन्हा.”

तिने पुन्हा वाचलं. “भाऊ लॅमेकने नाही” या शब्दांवर ती थांबली आणि खुर्ची शोधायला लागली.

“बसू नकोस,” लॅमेक म्हणाला. “मी पंचेचाळीस वर्षं उभा राहून दुसरं ऐकलंय. वाच.”

चोम्बा उभी राहिली आणि वाचायला लागली.