औषध घेतलं का?

फादर रेमंड तुस्कानो भुतं काढतात असं ऐकून माणसं लांबून लांबून येतात, आणि त्यांना बघून निम्म्या जणांची निराशा होते. बुटका, गोल बांधा, चष्म्याला दोरी, पायात रबरी चपला आणि तोंडात कायम खोकल्याची गोळी. भूत काढणारा माणूस असा असतो होय? मूळचे वसईचे. नाशिकला येऊन त्यांना खूप वर्षं झाली, पण बोलताना अजून मध्येच समुद्राकडचा हेल येतो. मी याकोब पारखे, एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. इंदिरानगरच्या मागे आमचं छोटं चर्च आहे, तिथली जुनी जीप मी चालवतो. घरी बसून बायकोची बोलणी खाण्यापेक्षा ते बरं.

बिशपांनी हे काम फादरांकडे सोपवलं तेव्हा आम्ही सगळे चिडवायचो, की फादर, आता अमावस्येला तुमचा भाव वाढणार. ते म्हणायचे, "याकोबभाऊ, सैतान वर्षातून एखाद्या वेळी येतो. सासवा रोज येतात." खरंच होतं ते. सून नीट वागत नाही, न्या फादरांकडे. पोरगं अभ्यास करत नाही, बघा काही लागलंय का. फादर सगळ्यांना बसवून चहा द्यायचे, ऐकून घ्यायचे आणि दहातल्या नऊ जणांना डॉक्टरांचा पत्ता देऊन परत पाठवायचे. नियमच तसा आहे. आधी डॉक्टर. डॉक्टरांनी हात टेकले, बिशपांनी परवानगी दिली, तरच भूत काढायची ती मोठी प्रार्थना. फादर या नियमाला फार जपायचे. "मंत्रतंत्रवाल्यांनी या लोकांचं काय केलं ते मी पाहिलंय," असं म्हणायचे. त्यांना या गोष्टीचा थोडा गर्वही होता, आणि मला तो गर्व आवडायचा.

गेल्या साली द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत सावित्रीबाई नावाची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. कळवणच्या वरच्या डोंगरातली माणसं. भात निघायच्या आधी हातात काही नसतं, म्हणून दिंडोरीकडच्या बागेत कामाला उतरलेली. बागेतच पत्र्याच्या खोलीत राहायची. मुलगी आशा, विशी ओलांडलेली. नवऱ्यानं आणून सोडलेली. खुर्चीवर बसली आणि बघता बघता अंग लाकडासारखं ताठ झालं, आणि तोंडातून म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज यायला लागला. मी तीस वर्षं घाटात गाडी चालवलीय, पण तेव्हा मी दाराकडे सरकलो, खोटं कशाला सांगू. फादर मात्र तिच्यासमोर चहाचा कप धरून तसेच बसून राहिले, आवाज थांबेपर्यंत.

"फादर, हिच्या अंगात लय जुनं कायतरी हाय," सावित्रीबाई म्हणाली. "भगत थकले. तुमी मोठी प्रार्थना करा. आमी तुमच्या धरमाचे नाय, पण पाया पडते."

"मावशी, धर्माचं काही नाही. आधी डॉक्टर," फादर म्हणाले.

नाशिकच्याच एका मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही दोघींना घेऊन गेलो. बाईंनी तासभर बोलून सांगितलं, हा आजार आहे, गोळ्या नेमानं घेतल्या तर पोरगी बरी होईल. परत येताना जीपमध्ये सावित्रीबाई रुसून बसली होती. आशा तेव्हा शुद्धीवर होती, आपल्या आवाजात बोलत होती. तिनं हळूच विचारलं, "फादर, गोळीनं आतला कसा जाईल?"

फादरांना हाच प्रश्न हवा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा होत्या, फवारणीचे ट्रॅक्टर फिरत होते. फादर मागे वळून म्हणाले, "आशा बाळा, द्राक्षावर कीड पडली तर तुमचा मालक मंत्र म्हणतो का? औषध मारतो ना? तसंच आहे हे. तुझ्या मनावर कीड पडलीय. औषध घेतलं की कीड मरते."

आशा हसली. सावित्रीबाईलाही ते पटलं. मीसुद्धा आरशातून मान डोलावली. वसईच्या माणसानं द्राक्षवाल्यांच्या भाषेत समजावलं, याचं फादरांना इतकं कौतुक वाटलं, की पुढच्या रविवारी तोच दाखला त्यांनी प्रवचनातही दिला.

त्यानंतर रोज सकाळी फादर फोन करायचे. फोन घरात एकच, तो खोलीवर आशापाशी असायचा, कारण आई बागेत कामावर. फादर विचारायचे, "औषध घेतलं का?" आणि ती म्हणायची, "गोळी खाल्ली." मग फादर म्हणायचे, "शाब्बास!" रोजचं हे ठरलेलं. मला जीपमध्ये ते पाठ झालं होतं. पोरगी सुधारत होती. म्हातारा आवाज कमी झाला होता, पुरता गेला नव्हता.

त्या दिवशी आम्ही लासलगावला एका घरी मयतीला चाललो होतो. बाजार समितीच्या अलीकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, पुढे सरकायचं नाव नाही. मी हॉर्न वाजवत, शिव्या गिळत बसलो होतो. फादरांनी फोन लावला. "औषध घेतलं का?" मग थोडं ऐकून मोठ्यानं म्हणाले, "शाब्बास! शाब्बास गं बाळा! आता निवांत पड."

फोन ठेवून ते मला म्हणाले, "आज पोरगी खुशीत आहे. म्हणाली, औषध घेतलं फादर, आता कीड मरंल. बघ, लक्षात ठेवलंय तिनं."

आम्ही अजून त्याच रांगेत होतो, तेव्हा मालकाच्या मोबाईलवरून सावित्रीबाईचा फोन आला. फादर नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "गाडी वळव." मी विचारलं, कुठं? ते म्हणाले, "सरकारी दवाखाना. तिनं औषध घेतलं."

मला एका क्षणात कळलं. आमच्या खेड्यापाड्यात कुणीही सांगेल. पोटात घ्यायची ती गोळी. औषध म्हणजे फवारणीचं. आणि अमक्यानं औषध घेतलं असं कुणी म्हणालं, की ऐकणारा चप्पल न घालता धावतो. फादरांना हे माहीत नव्हतं असं नाही. या भागातल्या कितीतरी मयती त्यांनी उरकल्यात. पण रोज तेच विचारून आणि तेच ऐकून त्यांचा कान निबर झाला होता. ती रोज गोळी म्हणायची. त्या दिवशी तिनं औषध म्हटलं, आणि त्यांनी शाब्बासकी दिली.

आशा वाचली. कशी वाचली ते सावित्रीबाईनं दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. फादर तिच्यासमोर हात जोडून उभे होते, आणि ती त्यांनाच धीर देत होती. "तुमी शाब्बास म्हनले ना, पोर लय खुश झाली. धावत बागंत आली मला सांगायला. आये, मी औषध घेतलं, फादर शाब्बास म्हनले. मी हातातली कातर टाकली आन मालकाच्या गाडीत घातली तिला. तुमी तसं म्हनले नसते तर ती खोलीतच पडून राह्यली असती."

या बोलण्यानं माणसाला बरं वाटायला हवं. फादरांचा चेहरा असा झाला की मी खाली बघितलं.

शुद्धीवर आल्यावर आशानं पहिलं त्यांनाच विचारलं, "कीड मेली का, फादर?"

मरायचं तिच्या मनातही नव्हतं. तिला बरं व्हायचं होतं. गोळीनं आवाज पुरता जाईना, म्हणून फादरांनी सांगितलेलं मोठं औषध तिनं घेतलं होतं.

त्यानंतर फादर आक्रसले. मोठी प्रार्थना करणं सोडाच, साधी प्रार्थना म्हणतानाही अडखळायचे. बिशपांना त्यांनी सांगितलं, हे काम माझ्याकडून काढून घ्या. बिशप म्हणाले, थोडं थांबा. मग ते एका म्हाताऱ्या फादरांकडे पापनिवेदनाला गेले. परत येताना जीपमध्ये खोकल्याच्या गोळ्या एकामागून एक चघळत होते. शेवटी म्हणाले, "ते म्हणतात, रेमंड, हे पाप नाही, चूक आहे."

"मग बरंच की," मी म्हणालो.

ते चिडले. माझ्यावर चिडलेले मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. "काय बरं? पापाला क्षमा तरी मिळते, याकोबभाऊ. चुकीचं काय करू? मी प्रवचन द्यायला गेलो. तिला समजावण्यापेक्षा मला माझा दाखलाच जास्त आवडला होता. तिनं मला विचारलं होतं, आणि मी स्वतःवर खूश होतो."

मी गाडी चालवत राहिलो.

आशा घरी आली, म्हणजे बागेतल्या त्याच खोलीत. मालकानं औषधांची खोली आता कुलपात ठेवली. फादरांनी पुन्हा फोन सुरू केला, पण विचारणं बदललं. "गोळी खाल्ली का?" ती हो म्हणायची. फादर म्हणायचे, "बरं." आणि ठेवायचे. असे काही दिवस गेले. मग एक दिवस सावित्रीबाई स्वतः चर्चमध्ये आली, पदराच्या गाठीत गोळ्या बांधून. आशानं न खाल्लेल्या. ती गादीखाली दडवत होती, आणि म्हातारा आवाज परत यायला लागला होता.

"फादर, ती म्हनते, फादर आता शाब्बास म्हनत नाय. म्हंजे फादर रागावले. म्हंजे आतला जायचा नाय." सावित्रीबाई फादरांकडे बघत राहिली. "तेवढं म्हना ना. एका शबुदाचं काय हाय?"

फादरांनी तिला चहा दिला, बसवलं आणि आत गेले. मला वाटलं, प्रार्थनेला गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले ते तोंड धुऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप पुसत होतो. फादर शेजारच्या सीटवर येऊन बसले आणि फोन लावला, या वेळी स्पीकरवर. एकट्यानं ऐकायची हिंमत नसावी.

"आशा, गोळी खाल्ली का?"

"हातात हाय."

"खा. मी थांबतो."

पाणी प्यायल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "खाल्ली." फोन तिनं ठेवला नाही. ती वाट बघत होती, हे मलाही कळत होतं. फादरांचे ओठ हलले, पण आवाज येईना. अंगातला सैतान आपलं नाव सांगायला तयार नसतो म्हणतात, तसे ते दोन्ही हातांनी फोन धरून बसले होते.

"फादर? हाय का?"

"आहे, बाळा," फादर म्हणाले. मग म्हणाले, "शाब्बास."

पलीकडे ती हसली. फोन बंद झाला. फादरांनी चष्मा काढला, आणि बराच वेळ तो पुसत बसले.

आता ते रोज म्हणतात. आशाच्या अंगातला म्हातारा महिनोन्‌महिने आलेला नाही. फादर अजून रोज सकाळी माझ्या जीपमध्ये येऊन बसतात, कारण तो शब्द त्यांना एकट्यानं म्हणता येत नाही.