दुप्पट अधिक अर्धा

वरच्या पुलाच्या खांबावर पाण्याची उंची मोजायची पट्टी रंगवलेली होती. ती वाचून ऑफिसला कळवायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून सगळे त्याला पट्टीवालाच म्हणत. पुलाशेजारच्या खोलीत त्याची सव्वीस वर्षं गेली. भिंतीवर एक सूत्र चिकटवलेलं होतं: इथली उंची क्ष मीटर असेल, तर चार तासांनी खालच्या वस्तीत दोन क्ष अधिक अर्धा मीटर. क्षच्या जागी आकडा घालायचा, बस्स.

खालच्या वस्तीत त्याच्या ताईच्या घराचा उंबरा सात मीटरवर होता.

त्या सकाळी आठला पट्टीवर तीन मीटर नव्वद होतं. दुप्पट, सात ऐंशी. अर्धा मिळवला, आठ तीस. त्याने पुन्हा करून पाहिलं. उत्तर काही हलेना.

ऑफिसातले साहेब फोनवर म्हणाले, "इशारा गेलाय. होडी पलीकडच्या काठाला अडकलीय. तू वाचन चुकवू नकोस."

मग त्याने ताईला फोन लावला.

"ताई, बारापर्यंत घरात तुझ्या छातीएवढं पाणी येईल. भाऊजींना घेऊन नीघ."

"दोन वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होतास. चौघांनी त्यांना खुर्चीतून नेलं, पायरीवर पाडलं, कंबर मोडली. पाणी मात्र उंबऱ्याला शिवलंसुद्धा नाही."

"तेव्हा पट्टीचा रंग उडाला होता. तीनाचे मी चार वाचले. सूत्र चुकलं नव्हतं."

"मग आज नीट वाचलंस कशावरून?"

"तीनदा वाचलंय, ताई."

"शेजारपाजार सगळा गेलाय रे. त्यांना उचलणार कोण? मला एकटीला झेपणारेत का ते?"

फोन ठेवून तो ताईच्या घराकडे चालत निघाला. मैलभरावर, उताराला, रस्ताच पाण्यात गेला होता. तिथे तो थोडा वेळ नुसता उभा राहिला आणि माघारी फिरला. नऊचं वाचनही तीन नव्वदच होतं. ते त्याने कळवलं.

दुपारी ताईचा फोन लागेनासा झाला.

संध्याकाळी होडी पोचली. ताईने पलंगावर टेबल चढवलं होतं आणि चादरीला धरून नवऱ्याला कसंबसं त्यावर ओढलं होतं. त्यांना धरून ती पाच तास पाण्यात उभी होती. ओल भिंतीवर बरोबर आठ मीटर तीसवर थांबली होती.

भाऊजींच्या छातीत गारठा भरला. नवव्या दिवशी ते दवाखान्यात वारले.

दहाव्या दिवशी पट्टीवाला ताईला न्यायला आला. ती घरातले पुराच्या चिखलाचे कपडे धुऊन, पिळून पिशवीत भरत होती.

"तू बरोबर सांगितलं होतंस रे," ती म्हणाली. "पण त्याचं मी काय करायचं होतं, तेवढं सांग."

तो खाली बसला आणि तिच्यासोबत कपडे पिळू लागला.